काकूंवर पाय देऊ नका

खोटं कसं बोलावं हे आपल्याकडून शिकावं, असं कवळीकाकांचं स्वतःबद्दल मत होतं. त्यांचं म्हणणं असं, की कवळी जशी हिरडीवर बसवतात तसं खोटं खऱ्यावर बसवायचं. ठसा नीट घेतला असेल तर ते हलत नाही, टोचत नाही, आणि समोरच्याला कळतही नाही की आत अस्सल काहीच नाही. हा सिद्धांत त्यांनी आपल्या पोटच्या पोरीवर वर्षभर वापरला आणि तो उत्तम चालला. मग एका रविवारी त्याचे सगळे दात एकदम पडले.

काकांनी आयुष्यभर कवळ्याच बनवल्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, तो ठसा डबीतून काकांच्या मागच्या खोलीत यायचा, काका त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचे आणि त्या जबड्यावर दात बसवायचे. माणूस त्या खोलीत कधी आला नाही, जबडेच आले. त्यामुळे झालं असं, की निम्मं गाव काकांच्या दातांनी हसत होतं आणि काकांकडे बघून हसणारं कोणी नव्हतं. त्यांची स्वतःची कवळी तर त्यांनी इतकी सुरेख बनवली होती की बघत राहावं. पण बघायला होतं कोण? दिवसातला बराच वेळ ती ओट्यावरच्या ग्लासात पडून असायची.

बायको गेली तेव्हा लोक आले होते. बसले, चहा प्यायले, "काही लागलं तर सांगा" म्हणाले आणि उठले. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला धरून आणलं पाहिजे. काही लागलं तर सांगा म्हणजे काही सांगायला येऊ नका. म्हातारा एकटा पडला की जगाला तो म्हाताऱ्याचा आजार वाटतो. तो एकटा पडला कसा, हे कोणी विचारत नाही. सकाळी फिरा, छंद जोपासा, हसण्याच्या वर्गाला जा, असे सल्ले द्यायला मात्र रांग लागते. काका एकदा त्या हसण्याच्या वर्गालाही जाऊन आले. मैदानात उभं राहून काहीही न झालेलं असताना हसायचं. काका घरी आले, दार लावलं आणि कवळी काढून ग्लासात टाकली.

मग त्यांना खडक सापडले.

घराच्या मागच्या रस्त्याने खाली उतरलं की समुद्र होता. वाळू नव्हती, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. नुसता काळा, खरबरीत खडक. ओहोटीला पाणी मागे सरकलं की खडकाच्या खळग्यांमधून डबकी उरायची. काका पहिल्यांदा एका डबक्याशी बसले ते गुडघा दुखला म्हणून. पाच मिनिटांनी पाण्यातला एक शंख चालायला लागला. काकांनी चष्मा पुसला. शंखाखालून पाय निघाले, दोन देठांवरचे डोळे निघाले, आणि त्या डोळ्यांनी काकांकडे बघितलं. त्या आठवड्यात काकांकडे बघणारं ते पहिलंच कोणी होतं.

त्यानंतर रोजचा परिपाठ झाला. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात संसार थाटणाऱ्या त्या खेकड्याचं नाव काकांनी ठेवलं भाडेकरू. डबक्याच्या काठाला चिकटलेलं, तांबूस, असंख्य बोटांचं एक समुद्रफूल होतं. झाडासारखं दिसणारं, पण चांगलं पोटभर खाणारं जनावर. नको तिथे हात लागला की ते अंग आक्रसून गोळा होऊन बसे, एरवी बोट पुढे केलं की चिकटून धरून ठेवी. त्याचं नाव काकू. आणि एक तारामासा होता. एका हाताच्या जागी त्याला नुसता थोटका कोंब होता. खडकाला एकदा चिकटला की ओढून निघत नसे. म्हणून तो वकील.

रविवारी मुलीचा फोन यायचा. ती दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती. फोनवर बोलताना तिकडे भांडी लावल्याचा आवाज यायचा.

"आज काय केलंत, बाबा?"

या प्रश्नाला "काही नाही" असं उत्तर दिलं की तिकडे भांड्यांचा आवाज थांबायचा, आणि त्या शांततेत काकांना तिच्या घरातली ती खोली दिसायची. एकदा ते तिथे राहून आले होते. खोलीत एक पलंग आणि पलंगाशेजारी वॉशिंग मशीन. मशीन फिरायला लागलं की पलंगही निघाल्यासारखा थरथरायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. मुलगी प्रेमाने म्हणायची, "ही तुमचीच खोली, बाबा." काकांना वाटायचं, मशीनला विचारलं का?

तेव्हा एका रविवारी ते बोलून गेले, "काकूंकडे जाऊन आलो."

"कोण काकू?"

"खाली राहतात. खडकाजवळ."

"स्वभावाने कशा आहेत?"

"बुजऱ्या. पण ओळख पटली की उमलतात."

भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मुलगी खूश. काकाही खूश, कारण एक अक्षर खोटं नव्हतं. पुढच्या रविवारी भाडेकरू आला. "जागा लहान पडत होती म्हणून बदलली त्याने. सामान काहीच नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी गेला." त्याच्या पुढच्या रविवारी वकील.

"बिचाऱ्याचा हात तुटला."

"अरे देवा, कसा?"

"मारामारीत."

"वकिलाचा?"

"वकील माणूस नाही का? आता नवीन येतोय."

"नवीन काय येतोय?"

"म्हणजे बरं वाटतंय."

असं वर्ष गेलं. आणि एका रविवारी भांड्यांचा आवाज मुळीच आला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी मी येतेय. तुमच्या सगळ्या मंडळींना जेवायला बोलवा. खरं सांगू? मी तुमची खोली रंगवून घेतलीय. तुम्ही तिकडे एकटे असाल तर मी तुम्हाला घेऊन जाणार, ऐकणार नाही. पण ही माणसं तुमच्याजवळ असतील, तर पुन्हा विषय काढणार नाही. शब्द देते."

फोन ठेवल्यावर काकांच्या डोळ्यांसमोर ते मशीन गरगरू लागलं.

माणसं आणायची कुठून? काका रस्त्यावर उभे राहून विचार करू लागले, की आपल्याशी बोलतं कोण. तिघंच निघाली. एक सलूनवाला, तो "किती कमी करू?" विचारायचा. दुसरी लाँड्रीवाली, ती "कधी हवेत?" विचारायची. या एका प्रश्नासाठी काका धुतलेले, इस्त्री केलेले शर्ट पुन्हा चुरगाळून तिच्याकडे न्यायचे. आणि तिसरा कोपऱ्यावरच्या टपरीतला किल्लीवाला. किल्ली घासायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ समोर उभं राहून बोलता येतं, म्हणून काका त्याच्याकडून आपल्या दाराची किल्ली पुन्हा पुन्हा करून घेत. घरी एक खण त्या किल्ल्यांनी भरला होता.

सलूनवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने कात्री थांबवली. "जेवायला? मला?"

"हो. फक्त तुम्ही भाडेकरू आहात आणि नुकतीच जागा बदललीत, एवढं लक्षात ठेवायचं."

"गिऱ्हाइकांनी आजवर मला बरंच काय काय बोलावलं," सलूनवाला म्हणाला, "जेवायला पहिल्यांदाच. येतो."

लाँड्रीवाली म्हणाली, "मला काय करायचंय?"

"तुम्ही काकू."

"ते सगळेच म्हणतात. करायचं काय?"

"फार बोलायचं नाही. आधी बुजायचं, मग उमलायचं."

तिने गरम इस्त्री हातात तशीच धरून काकांकडे बघितलं. काका घाईघाईने म्हणाले, "रविवारी तुमचं दुसरं काही ठरलेलं असेल तर राहू द्या."

"रविवारी माझं काय ठरलेलं असणार? भिंतीकडे तोंड करून बसते. येईन."

किल्लीवाला तेवढा अडला. "वकील? मी? आणि माझा हात धडधाकट आहे."

"ते माझ्याकडे लागलं," काका म्हणाले. प्लास्टर हा तर त्यांचा प्रांत. शनिवारी त्यांनी किल्लीवाल्याला ओट्याशी बसवलं, उरलेल्या पोत्यातलं दातांचं प्लास्टर कालवलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत असा काही लेप चढवला, की हाडांच्या डॉक्टरने टोपी काढावी. बोटं तेवढी मोकळी. प्लास्टर तापलं, घट्ट झालं, दगड झालं.

"उद्या संध्याकाळी काढायचं कसं?" किल्लीवाल्याने विचारलं.

"अलगद निघतं. मी हजारो काढलेत."

"ओढून बघा बरं जरा."

काकांनी ओढलं. किल्लीवाला ओट्यावर चढला. काकांनी कपाळाला हात लावला. हजारो काढले होते, पण जबड्याचे. जबड्याला केस नसतात.

रविवारी मुलगी आली. सूप होतं, पाव होता, उकडलेले बटाटे होते, बेकरीतला केक होता. मासे नव्हते. काकांना आता मासे खाणं म्हणजे शेजाऱ्यांना खाल्ल्यासारखं वाटायचं. पहिली दहा मिनिटं चमच्यांच्या आवाजात गेली. मग मुलीने सलूनवाल्याकडे मान वळवली.

"नवीन जागा कशी आहे?"

"छान. पण तीही बदलतोय."

"इतक्यात?"

"मी सारखी बदलतो," सलूनवाला उत्साहात म्हणाला. "मागून कोणी ढकललं की लगेच." काकांनी त्याला जरा जास्तच शिकवलं होतं.

मुलीने किल्लीवाल्याकडे बघितलं. "वकीलसाहेब, मारामारी कोणाशी झाली?"

"पक्षकाराशी."

"केस कसली होती?"

किल्लीवाल्याने आपल्या प्लास्टरकडे करुण नजरेने बघितलं. "केसांचं नाव काढू नका, ताई. आत फार ओढ बसते."

मुलगी मग लाँड्रीवालीच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, तुम्ही बाबांचं बोट धरून ठेवता म्हणे. सोडता सोडत नाही. मला काही हरकत नाही बरं का. आई जाऊन बराच काळ झाला."

लाँड्रीवालीने चमचा खाली ठेवला आणि काकांकडे असं काही बघितलं, की काका सुपात तोंड खुपसून बसले. बुजण्याचं काम तेच करत होते. पुढचं काही व्हायच्या आत विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, "हवा बरी आहे आज."

"मग चला ना," मुलगी म्हणाली. "तुम्ही सगळे रोज भेटता ते खडक मला बघायचेत."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यापैकी कोणी जन्मात तिकडे गेलेलं नव्हतं. काकांनी घड्याळाकडे बघितलं. ओहोटी सरत आली होती, थोड्याच वेळात पाणी वळणार होतं. पण नाही म्हणायला कारण सुचेना. त्यांनी दार ओढून बाहेरून कुलूप लावलं. नव्या पँटचे खिसे अजून शिवून बंद केलेलेच होते, म्हणून किल्ली किल्लीवाल्याकडे दिली. किल्लीवाल्याने सवयीने ती आपल्या जुडग्यात अडकवली.

खडकांवर सलूनवाला चौथ्या पावलाला बसला आणि तिथून पुढचा प्रवास त्याने बसूनच केला. लाँड्रीवाली शहाणी. ती एका उंच, कोरड्या खडकावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी इथूनच उमलते."

पण काका डबक्याशी पोचले आणि सगळं विसरले. पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे हे हात बुडवल्यावर कळावं. तळाशी काचेसारखी आरपार कोळंबी मागे मागे उडत होती. गोगलगायी शेवाळावर आपल्या वाटा काढत होत्या. काकू पूर्ण उमलल्या होत्या. काका गुडघ्यांवर बसले आणि हळूच काय म्हणाले, ते मुलीने ऐकलं. ते म्हणाले, "उशीर झाला आज. पाहुणे होते."

मुलीने बाबांची पाठ बघितली. तेवढ्यात खळकन आवाज झाला.

किल्लीवाला वाकला होता आणि त्याच्या खिशातून जुडगा निसटून दोन खडकांमधल्या फटीत गेला होता. टपरीची किल्ली, सायकलीची किल्ली, काकांच्या दाराची किल्ली, सगळं त्यात. त्याने पटकन हात घातला. नेमका प्लास्टरचा. जाताना हात गेला, पण कोपराशी अडकला तो मागे येईना.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "हात अडकलाय."

"तिरका करा."

"तिरकाच आहे. आणि पाणी वाढतंय का हो?"

पाणी वाढत होतं. पहिली लाट फटीतून आली आणि किल्लीवाल्याच्या गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. मुलगी त्याचा दंड धरून ओढू लागली. सलूनवाला मदतीला धावायचं म्हणून पहिल्यांदाच उभा राहिला, डगमगला आणि त्याने एक पाय मागे टाकला. काकांनी ते बघितलं. त्या क्षणी त्यांचा वर्षभर जपलेला सिद्धांत, मशीन, खोली, पाइप, सगळं डोक्यातून उडालं.

"काकूंवर पाय देऊ नका!"

सगळे थिजले. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या लांबच्या उंच खडकाकडे.

"मी इथे आहे," लाँड्रीवाली म्हणाली.

"तुम्ही नाही," काका म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं.

लाट आली आणि गेली. मुलीने किल्लीवाल्याचा दंड न सोडता विचारलं, "मग वकील कोण, बाबा?"

काकांनी बोट दाखवलं. किल्लीवाल्याच्या अडकलेल्या कोपराला लागूनच, त्याच खडकाला चिकटून तारामासा बसला होता. चार हात लांब आणि पाचवा बोटभर कोंब.

"ओळखपाळख नंतर करा," किल्लीवाला म्हणाला. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. "आधी माझं बघा."

मुलीने एक मोठा दगड उचलून काकांच्या हातात दिला. "प्लास्टर फोडा."

काकांनी दगड उचलला. मग खाली घेतला. "आधी याला हलवायला हवं. चिरडेल."

"बाबा!"

"ओढून चालत नाही. ओढलं की अजून चिकटतो. जरा थांबावं लागतं, मग तो आपणच सोडतो."

"काका," किल्लीवाला म्हणाला, "तुम्ही थांबाल, वकीलही थांबेल. समुद्र थांबतोय का विचारा."

तरी काका तारामाशाच्या एकेका हाताखाली अंगठ्याची कड सरकवत बसले. किल्लीवाला आता फक्त आकाशाकडे बघत होता. अखेर वकिलाने खडक सोडला. काकांनी त्याला पलीकडच्या डबक्यात ठेवलं, परत आले, प्लास्टरवर बोटाने टिचकी मारून नेमकी जागा शोधली आणि एकच दणका घातला. प्लास्टर मधोमध उकललं. हात बाहेर आला. केस आतच राहिले. किल्लीवाला असा ओरडला की समुद्रपक्षी उडाले.

जुडगा मात्र फटीतच राहिला, आणि फटीवर आता पाणीच पाणी होतं.

सगळी मंडळी ओलीचिंब होऊन काकांच्या बंद दाराशी येऊन उभी राहिली. मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं.

"दुसरी किल्ली?" मुलीने विचारलं.

"आहेत," काका म्हणाले. "आत."

"आहेत म्हणजे किती आहेत?"

किल्लीवाला आपला सोललेला हात कुरवाळत म्हणाला, "खणभर असतील. दर आठवड्याला एक करून नेतात. मला वाटायचं, या माणसाच्या घरी राहतात तरी किती जण?"

सलूनवाला काटकुळा होता. तो मोरीच्या खिडकीतून एक खांदा, मग दुसरा खांदा, मग कंबर असा वळवळत आत शिरला. भाडेकरूला अखेर जागा मिळाली. त्याने आतून खण उपसून ओंजळभर किल्ल्या खिडकीतून बाहेर दिल्या. मुलीने एक लावून बघितली. लागली नाही. दुसरी. तिसरी. एकही लागेना.

किल्लीवाल्याचा चेहरा पडला. "माझं मशीन जरा घसरतं, पण तुम्ही कधी तक्रार नाही केलीत, काका."

"लावून बघितल्या नाहीत."

"मग करून कशाला घेत होतात?"

काकांनी पँटच्या न उघडलेल्या खिशात हात घालायचा प्रयत्न केला. मुलगी पायरीवर बसली. शेजारी जागा ठेवून बसली, म्हणून काकाही बसले. ओल्या कपड्यांतून पाणी पायरीवर ओघळत राहिलं.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"वकिलाला नवीन हात यायला लागला तेव्हाच."

"मग इतक्या लांब आलीस कशाला?"

"तुम्ही कोणाला आणता ते बघायला." तिने हातातल्या निकामी किल्ल्या खाली-वर केल्या. "म्हटलं, कोणालाही नुसतं 'या' म्हणता आलं तरी पुरे. नाही म्हणता आलं, तर मात्र घेऊन जायचं."

काका समोर बघत राहिले. समोर लाँड्रीवाली आपला ओला पदर पिळत होती आणि किल्लीवाला तिला विचारत होता, की हातावरचे केस परत येतात का.

"आणि ती खोली?"

"मशीनला एकट्यालाच बरं वाटतं," मुलगी म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी गेली. त्याआधी किल्लीवाल्याने शरमेने जुनं कुलूप तोडून दारातच बसणारं नवीन कुलूप लावून दिलं होतं आणि यावेळी किल्ल्या स्वतः लावून बघितल्या होत्या. मुलीने जाताना त्यांतली एकेक किल्ली तिघांना वाटली होती. काकांनी वाट बघितली. एक दिवस गेला, मग बरेच गेले. दाराकडे कान देऊन बसायचं, रस्त्यावर पाऊल वाजलं की सावरून बसायचं, पाऊल पुढे निघून जायचं. लोकांना किल्ली दिली म्हणून लोक येत नाहीत, हे काकांना कळायला हवं होतं. त्यांचा तर खण भरलेला होता. शेवटी त्यांनी सावरून बसणं सोडलं, चहा ओतला आणि कवळी काढून ग्लासात टाकली.

तेवढ्यात कुलपात खरखर झाली आणि दार उघडलं. लाँड्रीवाली उंबऱ्यात उभी होती. हातात शर्ट नव्हता, काही नव्हतं.

"किल्ली लागते का बघायला आले होते," ती म्हणाली. "लागते."

आणि ती हसली. वरचे पुढचे चार दात काकांनी लगेच ओळखले. हात त्यांचाच होता त्यात, शंकाच नाही. कडा इतक्या सुबक त्या गावात दुसरं कोणी घासत नसे. काकांनाही हसायचं होतं, अगदी मनापासून हसायचं होतं.

आणि नेमके त्यांचे दात ग्लासात होते.